वाक्कपट कशास म्हणावे?

आमच्या आश्रमात नित्य येणारे एक वयोवृद्ध वासनिक आहेत. प्राथमिक शाळेतील अध्यापनातून ते निवृत्त झाले. सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात. गेल्या वर्षी एके दिवशी सायंकाळचे पारायण आटोपल्यावर ते मागे थांबले. खिशातील मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाबा, एवढा मजकूर वाचा. हा खरा की खोटा, हे मी विचारीत नाही. ते सांगणारी माणसे गावात आहेत. मला निराळेच विचारावयाचे आहे. हे वाचताक्षणी माझे चित्त तापले. ते आपोआप तापले, की कोणी हेतुपुरस्सर तापविले, हे ओळखावे कसे?"

भोजनाची वेळ झाली होती. मी घाईने उत्तर दिले, "मजकूर खोटा असेल तर कपट, खरा असेल तर कपट नव्हे. आधी खरे-खोटे पाहावे." गुरुजी काही बोलले नाहीत. दंडवत घालून निघून गेले. त्या रात्री माझ्या ध्यानात आले की, त्यांनी जे विचारले नव्हते त्याचेच उत्तर मी दिले; आणि दिलेले उत्तरही बरोबर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

खोटे तेच कपटी आणि खरे ते निष्कपट, ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविणारे उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. दिनांक १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी वार्ता त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरलेली होती. जमावाने हेच ते पळविणारे असे ठरविले, त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि त्या खोलीत पाचहीजणांचा अंत झाला. ते कोण आहेत हे सांगण्याइतका अवधी त्यांना कोणी दिला नाही.

अटन आणि भिक्षा हा ज्यांचा नित्याचार आहे, त्यांनी हे वृत्त केवळ वृत्त म्हणून वाचावे असे नाही. परक्या गावाच्या वेशीवर झोळी घेऊन उभा असलेला अनोळखी मनुष्य, एवढेच त्या पाचजणांचे लक्षण होते. ते लक्षण आपल्यालाही लागू पडते. त्या पावसाळ्यात आमच्या परिवारातील एका तरुण साधकाला एका गावी तासभर अडवून ठेविले होते. सुदैवाने गावातील एका वृद्धेने त्याला ओळखले. तो परत आल्यावर दोन दिवस भिक्षेस गेला नाही, आणि त्याला 'जा' म्हणण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

आता त्या वार्तेचे साधन पाहू. त्या वर्षी देशभर ज्या चित्रफिती फिरल्या, त्यांतील एक फार प्रसिद्ध झाली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात. एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाराच्या काळजाचा ठोका चुकतो. ही चित्रफीत मूळची पाकिस्तानातील कराची येथील. हरवलेल्या बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता, पालकांनी सावध व्हावे म्हणून ती मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवितात, आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापला. उरलेला भाग हिंदुस्थानात घटना म्हणून फिरला.

आपल्या वाचकांस येथे एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल. केशोबासांच्या दृष्टान्तपाठाची रचना आपल्या परिचयाची आहे: सूत्र, त्यावर दृष्टान्त, आणि त्यामागून दार्ष्टान्तिक. दृष्टान्तातील गोष्ट घडलीच आहे असे कोणी म्हणत नाही. ती कशासाठी सांगितली हे दार्ष्टान्तिक उघड करिते, आणि ऐकणारा गोष्टीतून अर्थाकडे जातो. कराचीची ती चित्रफीत म्हणजे एक दृष्टान्तच होता. शेवटचा फलक हे त्याचे दार्ष्टान्तिक होते. दार्ष्टान्तिक कापले तेव्हा दृष्टान्त राहिला नाही, साक्ष झाला. एकही खोटे चित्र त्यात घातले नव्हते. एक खरा तुकडा काढून घेतला, एवढेच.

त्याच काळात मृत बालकांच्या रांगा दाखविणारे एक छायाचित्र मालेगाव भागात फिरत होते. ते छायाचित्रही बनावट नव्हते. २०१३ च्या ऑगस्ट महिन्यात सीरियातील घौटा येथे रासायनिक अस्त्रांनी मेलेल्या बालकांचे ते होते. ती मुले खरी, मरण खरे, पाहून आलेले अश्रूही खरे. खोटा होता तो खाली लिहिलेला एक वाक्याचा मजकूर, की हे इकडील आहे आणि टोळीने केले आहे. न्यायशास्त्रात छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाक्छल पहिला. 'नव' या शब्दाचा 'नवा' हा अर्थ अभिप्रेत असता 'नऊ' हा अर्थ घेऊन प्रतिपक्ष्याला कोंडीत पकडावयाचे. तेथे निदान दोघेही समोरासमोर बसलेले असतात, आणि ज्याचा शब्द वाकविला तो 'मला हे म्हणावयाचे नव्हते' असे म्हणू शकतो. चित्राचा अर्थ वाकविला तर हरकत कोण घेणार? घौट्याची ती बालके मालेगावात येऊन सांगणार नव्हती.

यावरून असे वाटेल की, अपुरे सत्य हेच कपट. तेही पुरेसे नाही. दृष्टान्तपाठात आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त आहे. प्रत्येकाच्या हाताला लागला तो हत्तीचा एकेक अवयव. प्रत्येकाने सांगितले ते अपुरेच. पण त्यांतील कोणालाही कपटी म्हणता येत नाही, कारण कोणीही दुसऱ्याचा हात धरून सोंडेपासून दूर नेला नाही. आपल्याला एवढेच लागले हे न कळणे म्हणजे अज्ञान. दुसऱ्याला पूर्ण कळू नये अशी व्यवस्था करणे म्हणजे कपट. दोहोंचा परिणाम कधी कधी सारखाच दिसतो, म्हणून आपण दोहोंना एकच नाव देतो.

मग भावना उद्दीपित करणे हे कपटाचे लक्षण मानावे काय? आजकाल सुशिक्षितांमध्ये असे म्हणण्याची प्रथा पडली आहे की, जो मजकूर क्रोध किंवा भय उत्पन्न करितो तो संशयास्पद समजावा. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. शेजारच्या घराला आग लागली म्हणून ओरडणारी स्त्री भयच उत्पन्न करिते, आणि ते करणे तिचे कर्तव्य आहे. राईनपाड्याच्या त्या खोलीतील दृश्ये ज्यांनी पाहिली त्यांना जो संताप आला तो योग्यच होता. चित्त तापले म्हणून मजकूर कपटी, असा नियम केला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आक्रोशही कपट ठरेल. आणि मग सुखवस्तू मनुष्याला आपल्या निद्रेचे समर्थन करण्यास ही सोय फार उपयोगी पडेल. शिवाय हा नियम आपल्यावरच उलटेल. प्रवचनकार श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो. संसाराचे दुःख वर्णन करून वैराग्य उपजवितो. तोही कपटच करितो असे म्हणावे लागेल.

या अडचणीतून मार्ग काढताना मला एक कसोटी सुचली. ती मी गुरुजींना पुढील भेटीत सांगितली. मजकूर ज्या रीतीने आणि ज्या हेतूने घडविला ती रीत आणि तो हेतू ऐकणाराला उघड करून सांगितला, असे समजावे. तरीही त्याचा परिणाम टिकतो काय? आग लागली म्हणून ओरडणारी म्हणाली की, 'तुम्ही धावावे म्हणूनच मी ओरडते आहे,' तर आपण धावण्याचे थांबत नाही. प्रवचनकार म्हणाला की, 'हे दुःख तुमच्या मनात विरक्ती यावी म्हणून सांगतो,' तर सांगण्याचे बळ कमी होत नाही. उलट, 'या चित्रफितीचा शेवट आम्ही कापला आहे, तो अशासाठी की तुम्ही हिला घटना समजावे,' असे कोणी तिच्याबरोबर लिहून पाठविले असते, तर ती पाहून एक काठीही उचलली गेली नसती. उघड होताच ज्याचे बळ नाहीसे होते, लपून राहिले तरच जे काम करिते, ते कपट. या कसोटीला काही प्रवचनेही उतरणार नाहीत, हे मान्य करतो. त्यांत माझीही दोन-चार असतील.

गुरुजी जुने शिक्षक. त्यांनी लगेच शंका काढली. "बाबा, कसोटी ठीक. पण घडविणारा मला कोठे दिसतो? मजकूर माझ्या बहिणीच्या मुलाकडून आला. त्याला त्याच्या साहेबांकडून आला. यांतील कोणीच कपटी नाही."

शंका यथार्थ आहे, आणि मला वाटते सर्व विषयाचा कठीण भाग हाच. जुन्या काळी कपट करणारा आणि कपटाचे वचन बोलणारा बहुधा एकच असे. आता वचन एकाने घडवावे आणि ते पोहोचविणारे हात हजारो असावेत, अशी स्थिती झाली आहे. ज्या आईने 'मुलांना सांभाळा' म्हणून ती चित्रफीत आपल्या भावजयीला पाठविली, तिच्या अंतःकरणात वात्सल्यावाचून काही नव्हते. म्हणून वचनाचा दोष आणि वाहकाचा दोष यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. वचन कपटी असूनही वाहक निष्कपट असू शकतो. पण निष्कपट म्हणजे निर्दोष नव्हे. योगशास्त्राने हिंसेचा विचार करिताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन भेद केले, आणि तिन्ही हिंसाच मानली. पुढे पाठविणे हे अनुमोदन आहे काय? पाठविणारा म्हणतो, 'मी काहीच म्हटले नाही, आले तसे दिले.' पण घेणारा मजकुरावर विश्वास ठेवितो तो मजकुराकडे पाहून नव्हे, देणाराच्या तोंडाकडे पाहून. अनोळखी माणसाने दिलेले पाणी आपण हुंगून पितो. मामाने दिलेले तसेच पितो. पाठविणारा आपली आप्तता त्या मजकुराला उसनी देतो. ते देणे काहीच नव्हे, असे कसे म्हणता येईल?

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी मजकडे एक छायाचित्र आले. आपल्या एका पूजनीय स्थानाची कोणी तरी नासधूस केली आहे, ओटा फोडला आहे, आणि 'जो खरा अनुयायी असेल तो हे आजच सर्वांना पाठवील,' असे खाली लिहिलेले. मी ते तीन ग्रुपवर पाठविले. पाठविताना मला जे वाटले त्याचे नाव दुःख असे मी त्यावेळी स्वतःला सांगितले. नंतर शोधून पाहता त्यात दुःख थोडे होते. 'बघा, आमच्यावर कसा अन्याय होतो' या भावनेची एक प्रकारची ऊबच अधिक होती. तिसऱ्या दिवशी एका महंतांचा फोन आला. ते स्थान त्यांच्या आश्रमापासून जवळच. ओटा अभंग होता. छायाचित्र दुसऱ्याच कोठले तरी. मी दुरुस्तीचा मजकूर त्याच तीन ग्रुपवर टाकला. पहिला मजकूर किती दूर गेला याचा पत्ता नाही. दुसरा कोणी पुढे पाठविल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मी सहज फसलो याचे मला पुष्कळ दिवस आश्चर्य वाटत होते. आता तसे वाटत नाही. मराठी भाषेत 'मानभावी' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दांभिक, वरून साधुत्वाचा आव आणणारा. शब्दकोशात तो आजही आहे, आणि चांगले चांगले लेखक त्याचा उगम ध्यानात न घेता तो वापरितात. आपल्या पंथाच्या नावाचाच अपभ्रंश शिवीसारखा झाला, तो ऐकीव वार्तांमुळेच. शतकानुशतके आपण अफवेचे भक्ष्य होतो. त्यावरून मला असे वाटत असे की, ज्यांनी अफवेचा मार खाल्ला ते अफवा चटकन ओळखतील. प्रत्यक्षात उलटे घडते. जुनी जखम जेथे असते तेथेच बोट लावले की मनुष्य विचार न करता हात उचलतो, आणि कपट रचणाराला ती जागा नेमकी ठाऊक असते. मातेला अपत्याचे भय, पंथाला अवमानाचे भय, गरिबाला लुबाडले जाण्याचे भय. यांतील प्रत्येक भय सकारण आहे, म्हणूनच ते उपयोगी पडते.

येथे एका आक्षेपाचा थोडक्यात विचार करतो. सकळ लिपीचा उल्लेख करून कोणी म्हणेल की, लपविणे हे कपट असेल तर आपल्या पूर्वजांनीही ते केले. हा घोटाळा आहे. सकळ लिपीने ग्रंथ अनधिकाऱ्यापासून झाकला; त्याच्या मनात खोटी समजूत घालून त्याला कोठे नेले नाही. पेटीला कुलूप लावणे वेगळे आणि पेटीवर दुसऱ्याच वस्तूचे नाव लिहिणे वेगळे. (त्या झाकण्यामुळे आपल्याविषयीच्या अफवांना वाव मिळाला, हा भाग निराळा, त्यावर स्वतंत्र लिहिण्याजोगे आहे.)

घडविणारा दिसत नसता कपट ओळखावयाचे कसे, हा गुरुजींचा प्रश्न अजून उरला. येथे मजकुराची चाल पाहावी लागते. कपटी मजकूर विचाराचा अवधी काढून घेतो: 'आजच', 'तात्काळ', 'उशीर होण्यापूर्वी'. आगीची हाकही तातडीची असते हे खरे. पण ती ज्याच्या घराजवळ आग आहे त्यालाच मारलेली असते. शंभर कोसांवरील अनोळखी माणसाला 'आजच' असे सांगण्याचे प्रयोजन काय, हे विचारावे. दुसरे, आणि मला ते अधिक गंभीर वाटते, तो पुढे शंका घेणाराला आधीच शत्रू ठरवून ठेवितो. माझ्याकडे आलेल्या मजकुरातील 'जो खरा अनुयायी असेल तो' या शब्दांनी तेच केले होते. विचारणारा खोटा अनुयायी ठरणार, हे मी न विचारताच मान्य केले. हे वळण कोठपर्यंत जाते ते त्रिपुरात दिसले. २०१८ च्याच जून महिन्यात, राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, मुले पळविण्याच्या अफवा खोट्या आहेत असे गावोगाव ध्वनिक्षेपकावरून सांगण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या एका मनुष्याला सब्रूमजवळ जमावाने मारून टाकले. ज्याच्या हाती खुलासा होता तोच त्यांना पळविणारा वाटला.

व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने त्यानंतर काही बंधने घातली. २०१८ च्या जुलै महिन्यात पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण येऊ लागली, आणि या देशात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविणे बंद झाले. फार हातांतून आलेल्या मजकुरावर पुढे दोन बाणांची खूण आली, आणि २०२० च्या एप्रिलपासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. या बंधनांनी वेग कमी होतो. पण खूण एवढेच सांगते की, मजकूर अनेक हातांतून आला. पहिला हात कोणाचा हे ती सांगत नाही. पोथीच्या शेवटी लिपिकार आपले नाव, स्थळ, शक लिहितो, आणि त्यामुळे प्रमाद कोणाचा हे निदान शोधता येते. येथे पुष्पिकाच नाही.

पुष्पिकेवरून म्हाइंभटांचे स्मरण होते. लीळा एकत्र करिताना ज्यांना सन्निधान घडले होते त्यांच्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या विचारून घेतल्या, आणि नागदेवाचार्यांच्या समोर ठेवून शोधिल्या. पुढे मूळ प्रत गेली, स्मरणावरून पाठ सिद्ध करावे लागले, तेव्हा ज्यांचे स्मरण जुळले नाही त्यांचे पाठभेद त्यांच्या नावानिशी ठेविले: हा हिराइसापाठ, हा परशरामबासपाठ, अमुक एक वासना अशी. सर्वांत पवित्र ग्रंथातही 'हे असेच घडले' म्हणून दडपून न सांगता 'हे यांनी असे सांगितले' असे लिहून ठेवण्याचा हा परिपाठ आहे. आपण पाठशोधनाचे विद्यार्थी हे रोज शिकवितो. आणि मी तीन ग्रुपवर ते छायाचित्र पाठविले तेव्हा 'हे कोणी पाहिले?' हा एक प्रश्न मला सुचला नाही. तो विचारला असता तर एका फोनचे काम होते.

राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावातही जमाव जमला होता. एक कुटुंब, त्यांच्याबरोबर दोन वर्षांचे एक मूल. मूल पळविलेलेच असणार, असे ठरून गेले होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावले. पोलीस आले, बाहेरच्या जमावाशी झुंजले, आणि ती पाचही माणसे वाचली. ज्याने दार उघडले त्याच्याही मोबाईलमध्ये तीच चित्रफीत, तेच छायाचित्र असण्याचा संभव आहे. ते त्या दिवसांत सर्वांकडे होते. मजकुरातील पळविणारे आणि दारात उभी असलेली माणसे ही एकच, असे त्याने ठरविले नाही. त्याने काय विचार केला, किंवा विचार केला की नाही, हे आपणांस कळावयास मार्ग नाही.

गुरुजींना हे सर्व मी दोन-तीन बैठकांत सांगितले. ते म्हणाले, "कसोटी समजली. तिने या माझ्या मजकुराचे काय होते ते पाहू." आम्ही दोघे बसलो. कोणी पाहिले, कोठे, केव्हा, याचा माग काढण्याचा यत्न केला. त्यांच्या बहिणीच्या मुलाला फोन केला. त्याने साहेबांना विचारले. साहेबांना आठवले नाही. मजकूर खरा की खोटा हे आम्हांला ठरविता आले नाही, आणि तो कपटी आहे असेही निश्चयाने म्हणता आले नाही. तो अजून गुरुजींच्या मोबाईलमध्ये आहे. त्यांनी तो पुढे पाठविलेला नाही.